रात्रीतून पांढरी पडलेली कॉलेर्पा : समुद्रातले आणि टाकीतले हिरवे शेवाळ

ओंजळभर (धागाकर्ती)

नमस्कार. पुण्यात माझ्याकडे गेली दोन वर्षे २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. टाकीखालच्या सम्पमध्ये (पाणी गाळण्याच्या खालच्या टाकीत) सुमारे ४० लिटरचा एक कप्पा मी वेगळा ठेवला असून त्यात पिसासारखी पाने असलेली कॉलेर्पा वाढवत होते. माशांच्या खाद्यातून आणि विष्ठेतून तयार होणारे नायट्रेट व फॉस्फेट या शेवाळाने शोषून घ्यावे आणि वाढलेले शेवाळ आपण काढून टाकावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. गेले आठ महिने हे सगळे सुरळीत चालले होते.

मागच्या मंगळवारी रात्री कप्प्यात गच्च हिरवळ होती. बुधवारी सकाळी साडेसहाला दिवा लावला तेव्हा संपूर्ण टाकीचे पाणी पातळ ताकात हिरवा रंग मिसळावा तसे दिसत होते, आणि कॉलेर्पाची पाने काचेसारखी पारदर्शक, पांढरी होऊन लोंबत होती. दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. मी घाईने ६० लिटर पाणी बदलले, परंतु खडकामागे राहणारा एक लहान गोबी मासा दुपारपर्यंत गेला. संध्याकाळी नायट्रेट मोजले तेव्हा आदल्या आठवड्यात १० (मिलिग्रॅम प्रति लिटर) असलेला आकडा २५ च्या वर गेला होता.

माझे प्रश्न असे आहेत. हा एखादा रोग आहे काय? माझ्या हातून पाण्यात काही विषारी पडले असेल काय? आणि हे शेवाळ गेलेच असेल, तर पुढच्या महिन्यात कोकणात जाणे होणार आहे, तेव्हा तिथल्या खडकांवरचे थोडे हिरवे शेवाळ आणून लावले तर चालेल काय?

मीठपाणी

ओंजळभर, आधी तातडीचे सांगतो. टाकीत बुडबुडे सोडणारा हवेचा दगड सोडा, स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) पूर्ण जोराने चालू ठेवा, ताजा कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) घाला आणि पांढरी पडलेली कॉलेर्पा एकही तुकडा मागे न ठेवता आजच बाहेर काढा, कारण ती कुजताना जेवढे नत्र आठ महिन्यांत साठवले होते ते सगळे पाण्यात परत सोडते. तुमचे नायट्रेट चढले ते त्यामुळेच.

हा रोग नाही आणि पाण्यात विषही पडलेले नाही. छंदी मंडळींच्या बोलीत याला 'कॉलेर्पा सेक्शुअल गेली' असे म्हणतात. ठाण्यात बारा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या टाकीत हेच घडले होते, आणि मीही तेव्हा विकणाऱ्यालाच दोष देत बसलो होतो. शास्त्रीय भाग 'हर्बेरियम' सर अधिक नेमका सांगतील.

हर्बेरियम

मीठपाणी यांचे निदान बरोबर आहे. मात्र हे का घडते ते समजण्यासाठी कॉलेर्पाची रचना आधी लक्षात घ्यावी लागेल, कारण ती आपल्या ओळखीच्या कोणत्याही झाडासारखी नाही.

कॉलेर्पाला पाने, खोड आणि मुळे असल्यासारखे दिसते, पण हा केवळ आकाराचा भास आहे. जमिनीलगत सरपटणारी दोरी, तिच्यातून वर उठणारी पिसे आणि खाली रेतीत शिरणारे केसांसारखे तंतू हे सगळे मिळून एकच पेशी असते. त्या पेशीत केंद्रके असंख्य असतात, परंतु त्यांना वेगळे करणाऱ्या आडव्या भिंती कुठेच नसतात, त्यामुळे आतला जीवरस दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळेपणाने वाहू शकतो. एवढ्या मोठ्या पोकळ नळीला आधार मिळावा म्हणून पेशीभित्तिकेतून निघालेले बारीक धागे आतल्या पोकळीत आडवेतिडवे ताणलेले असतात. भिंती नसलेली नळी तुटली तर सगळा जीवरस वाहून जायला हवा, पण तसे होत नाही, कारण जखम झाल्यावर काही मिनिटांतच तिथे चिकट गुठळी धरते आणि तोंड बंद होते. म्हणूनच लहानसा तुकडाही जगतो आणि त्यापासून नवी दोरी निघते.

आता तुमच्या बुधवारच्या सकाळकडे येऊ. झाड फुलते तेव्हा फुले येतात आणि बाकीचे झाड तसेच राहते. कॉलेर्पामध्ये लैंगिक पुनरुत्पादनासाठी राखून ठेवलेला असा वेगळा भाग नसतो, आणि एकदा ती प्रक्रिया सुरू झाली की जवळजवळ संपूर्ण जीवरस जननपेशींमध्ये रूपांतरित होतो. पहाटेच्या सुमारास या जननपेशी हिरव्या ढगासारख्या पाण्यात सोडल्या जातात आणि मागे उरते ती रिकामी पांढरी त्वचा. तुम्ही पाहिलेले हिरवट ताक म्हणजे याच पोहणाऱ्या जननपेशी होत्या. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील प्रवाळखडकांवर केलेली निरीक्षणे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतून असे दिसले की या गटातल्या वेगवेगळ्या जाती पहाटे ठराविक वेळी जननपेशी सोडतात आणि जवळच्या नात्यातल्या जातींच्या वेळा एकमेकींपासून थोड्या निराळ्या असतात. उघड्या समुद्रात तो ढग काही वेळात विरून जातो. तुमच्या २४० लिटरांत त्याला जायला जागाच नव्हती. त्यात पहाटेची वेळ म्हणजे टाकीतला प्राणवायू मुळातच सर्वांत कमी असण्याची वेळ, आणि त्याच क्षणी कोट्यवधी श्वसन करणाऱ्या पेशी पाण्यात आल्या. गोबी त्याने गुदमरला असावा.

एक विचारतो. सोमवारी किंवा मंगळवारी पानांवर जाळीसारखी नक्षी किंवा बारीक काट्यांसारखे उंचवटे दिसले होते काय?

ओंजळभर

सर, मनापासून आभार. होय, मंगळवारी संध्याकाळी पिसांच्या कडांना अगदी बारीक लव फुटल्यासारखी दिसली होती आणि पानांचा रंग एकसारखा न राहता शिरा उठल्यागत झाला होता. मला ती नवी पालवी वाटली आणि मी खूश होऊन छायाचित्रही काढले. तेव्हाच ती बाहेर काढली असती तर गोबी वाचला असता, हे आता समजते आहे.

चिकित्सक

धागा उत्तम चालला आहे, परंतु एक शंका. परदेशी छंदी लोक छातीठोकपणे सांगतात की कॉलेर्पावर चोवीस तास दिवा ठेवला की ती अशी उलटत नाही. याला काही आधार आहे, की एकाने सांगितले म्हणून दुसऱ्याने केले, असा प्रकार आहे?

हर्बेरियम

तर्क असा आहे की जननपेशी सोडण्याची वेळ अंधार आणि उजेडाच्या चक्राशी बांधलेली असते, तेव्हा अंधारच पडू दिला नाही तर घड्याळ बिघडेल. तर्क चुकीचा नाही, पण त्यावरून खात्रीचा उपाय हाती आला असे म्हणता येणार नाही, कारण चोवीस तास दिवा असलेल्या टाक्यांतही कॉलेर्पा उलटल्याचे अनेक जण सांगतात. मला अधिक भरवशाचा वाटतो तो नियमित छाटणीचा मार्ग. त्यातही पाने मधोमध कापण्यापेक्षा दोरीसकट एक भाग उपटून काढावा, म्हणजे पाण्यात रस कमी सांडतो. कॉलेर्पाच्या काही जातींत कॉलेर्पेनाइन नावाचे संरक्षक द्रव्य असते, आणि ते पाण्यात मिसळणे माशांच्या लहान टाकीत इष्ट नाही.

मीठपाणी

माझे मत थोडे कडक आहे. सम्पमध्ये लपवून ठेवायचे शेवाळ असेल तर कॉलेर्पा ठेवूच नये. ती सुंदर आहे, पण ते सौंदर्य समोरच्या काचेमागे शोभते. ज्या कप्प्याकडे आपण आठवड्यातून एकदा बघतो तिथे आदल्या संध्याकाळची लव कोणाला दिसणार?

त्याऐवजी कीटोमॉर्फा लावा. आपल्या छंदात तिला नुसते 'कीटो' म्हणतात. दिसायला ती हिरव्या नायलॉनच्या घासणीसारखी असते. एकापुढे एक जोडलेल्या पेशींचे न फांद्यावलेले धागे आणि त्या धाग्यांचा गुंता, एवढीच तिची रचना. तिला रेती नको, खडक नको. पाण्यात सैल तरंगत ठेवली तरी वाढते. पेशी सुट्या भिंतींच्या असल्यामुळे धागा तुटला तरी फक्त तुटलेली पेशी जाते, आणि कॉलेर्पासारखा सगळा डोलारा एका पहाटेत कोसळण्याचा प्रसंग टाकीत सहसा येत नाही.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. गुंता जागच्या जागी पडून राहिला तर आतला भाग उजेडाअभावी पिवळा होऊन कुजतो आणि त्यात कचरा अडकतो, म्हणून पाण्याचा प्रवाह असा द्यावा की गोळा सावकाश लोळत राहील. दिवा पांढरा ६५०० केल्विनचा किंवा रोपांसाठी मिळणारा लाल-निळा असावा. प्रवाळासाठीचा गडद निळा दिवा इथे वाया जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा दिवा मुख्य टाकीचा दिवा बंद झाल्यावर लावावा. रात्री टाकीतले सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे पाण्याचा पीएच पहाटेपर्यंत उतरत जातो. खालच्या कप्प्यात त्याच वेळी प्रकाशसंश्लेषण चालू असेल तर तो वायू तिथे वापरला जातो आणि प्राणवायूही मिळतो. तुमच्या गोबीला नेमकी याच वेळी मदत हवी होती.

दर आठवड्याला साधारण तिसरा हिस्सा काढून टाका. शेवाळ वाढले म्हणजे पाणी शुद्ध झाले असा अनेकांचा समज असतो. ते टाकीबाहेर जात नाही तोपर्यंत टाकीतून काहीच गेलेले नाही.

हर्बेरियम

शेवटचे वाक्य अधोरेखित करण्यासारखे आहे. त्याला थोडी गणिताची जोड देतो.

समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे अणू १०६ : १६ : १ या प्रमाणात असतात, हे रेडफिल्ड गुणोत्तर पुष्कळांना ठाऊक असते. पण ते मोठ्या शैवलांना लागू पडत नाही. ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये तळावर वाढणाऱ्या समुद्री वनस्पतींचे विश्लेषण एकत्र केले तेव्हा त्यांना मध्यम प्रमाण ५५० : ३० : १ असे मिळाले. म्हणजे एका फॉस्फरसमागे मोठे शैवल तीस नायट्रोजन उचलते, आणि कार्बन तर कितीतरी जास्त. टेस्ट किट नायट्रेट आणि फॉस्फेट वजनात दाखवते, म्हणून हेच प्रमाण वजनात बदलले तर साधारण २० भाग नायट्रेटमागे १ भाग फॉस्फेट असे येते. ज्या टाकीत फॉस्फेट शोषणारे माध्यम अति वापरून फॉस्फेट शून्यावर नेलेले असते, तिथे नायट्रेट भरपूर असूनही कीटो वाढत नाही, आणि मालक दिवा बदलत बसतो. कीटो फिकट पडली तर प्रथम दोन्ही आकडे पाहावेत, मग लोहासारख्या सूक्ष्म द्रव्यांचा विचार करावा, आणि दिव्याला सर्वांत शेवटी दोष द्यावा.

कातळकाठ

मी रत्नागिरीचा. टाकी माझ्याकडे नाही. लहानपणापासून खडपावर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) हिंडण्याची सवय आहे तेवढीच. ओंजळभर यांचा तिसरा प्रश्न अनुत्तरित राहिला म्हणून लिहितो.

आमच्याकडे हिरवे शेवाळ बारमाही सारखे नसते. मे महिन्यात सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी कातळ इतका तापतो की वरच्या पट्ट्यातले शेवाळ करपून पांढरट पापुद्रा होऊन निघते. पावसाळ्याचा जोर ओसरू लागला की तेच कातळ पुन्हा हिरवे दिसू लागतात, आणि दिवाळीनंतर थंडी संपेपर्यंत बहर असतो. वरच्या पट्ट्यात, जिथे भरतीचे पाणी कमी वेळ राहते, तिथे उल्वा या हिरव्या शेवाळाच्या नळीसारख्या जाती असतात. त्याखाली लेट्यूसच्या पानासारखी पातळ, रुंद उल्वा असते. लाटा जिथे सरळ येऊन आपटतात त्या कडांवर ताठ केसांच्या झुबक्यांसारखी कीटोमॉर्फा घट्ट धरून असते. मीठपाणी सांगतात ती लोळणारी कीटो ती हीच नव्हे. कुळ एक असले तरी ही खडकाला मुळासारखी चिकटून वाढणारी जात आहे, आणि शांत कप्प्यात ती किती रमेल याची मला शंका वाटते. कॉलेर्पा बघायची तर सुकतीला उघड्या पडणाऱ्या डबक्यांत, रेती साचलेल्या खाचांत बघावी. पिसांची आणि द्राक्षांच्या घोसासारखी अशा दोन्ही प्रकारची तिथे दिसते.

आता आणण्याविषयी. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून काही उचलणे कायद्याने चालणार नाही, मग ते शेवाळ का असेना. इतर ठिकाणीही मी आणू नये असेच म्हणेन. ओंजळभर शेवाळ उचलले तर त्यात बारीक खेकडे, गोगलगायी, कृमी आणि लाटेने येणारे कितीतरी जीव येतात. पुण्याला पोहोचेपर्यंत त्यांतले निम्मे मेलेले असतात आणि उरलेले निम्मे तुमच्या टाकीत नेमके नको तेच करतात. माझ्या मावसभावाने हा प्रयोग केला होता. शेवाळ चार दिवसांत गेले. एक खेकडा मात्र वर्षभर राहिला आणि त्याने दोन मासे खाल्ले.

आणखी एक निरीक्षण. जिथे वस्तीचे सांडपाणी नाल्यातून समुद्रात येते तिथे उल्वा विलक्षण तजेलदार असते. अनेकांना ती जागा 'किती हिरवीगार' म्हणून आवडते. खाण्यासाठी खडकांवरची कालवे काढणाऱ्या आमच्याकडच्या बायका मात्र त्या जागेकडे फिरकत नाहीत.

चिकित्सक

कातळकाठ, शेवटच्या परिच्छेदात तुम्ही आणि मीठपाणी एकच गोष्ट बोलत आहात. सम्पमधला कप्पा आणि नाल्याचे मुख यांत शेवाळाच्या दृष्टीने काही फरक नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण चीनमधल्या छिंगदाओचे. २००८ च्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या बोटींच्या शर्यती तिथे व्हायच्या होत्या आणि स्पर्धेच्या तोंडावर उल्वा प्रोलिफेराच्या तरंगत्या थरांनी किनारा झाकून गेला. सैन्यासह हजारो लोकांनी मिळून दहा लाख टनांहून अधिक ओले शेवाळ उपसले. त्या उल्वाचा उगम दक्षिणेकडे जिआंग्सू प्रांताच्या उथळ किनाऱ्यावर, सुशी या जपानी पदार्थाभोवती गुंडाळतात त्या लाल शेवाळाची शेती करण्याच्या तराफ्यांवर होतो, असे पुढे अभ्यासातून दिसून आले. तराफे साफ करताना खरवडून टाकलेली उल्वा वाहत, वाढत उत्तरेकडे जाते, आणि पाण्यातले नत्र तिला वाटेत पुरते. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर उल्वाचे ढीग कुजून त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. २००९ मध्ये तिथे एक घोडा अशा ढिगात रुतून मेला आणि त्याचा स्वारही बेशुद्ध झाला होता. खतांचे शेतातून वाहून येणारे नत्र हे तिथले मूळ कारण.

कार्ल्सबादकर

मी कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या उत्तरेला राहतो. या धाग्यावर मला लिहावेसे वाटले, कारण माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या आग्वा हेडिओंडा या खाजणात कॉलेर्पाने जे केले ते इथल्या मत्स्यटाकी बाळगणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते.

मूळ गोष्ट युरोपातली. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात कॉलेर्पा टॅक्सिफोलियाचा एक वाण होता. तो थंड पाण्यातही तगतो आणि टाकीत फार छान दिसतो, म्हणून इतर मत्स्यालयांना दिला गेला. मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयातही तो होता. १९८४ मध्ये त्या संग्रहालयाच्या अगदी खाली, समुद्रात, सुमारे एक चौरस मीटरचा ठिपका आढळला. नीसचे संशोधक अलेक्झांडर माइनेझ यांनी धोक्याची सूचना वारंवार दिली, परंतु हे शेवाळ कोठून आले यावरच वर्षानुवर्षे वाद चालत राहिला. तोपर्यंत बोटींच्या नांगरांना आणि जाळ्यांना अडकून तुकडे पुढे पुढे जात होते आणि हजारो हेक्टर समुद्रतळावर ते पसरले. जनुकीय तपासणीने हा वाण मत्स्यालयांतलाच असल्याचे दाखवले, आणि त्याचे मूळ ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडे निघाले. पुढच्या काळात भूमध्य समुद्रात अनेक ठिकाणी ते पुष्कळ ओसरले, हेही सांगायला हवे.

जून २००० मध्ये हाच वाण आमच्या खाजणात, समुद्रगवताची पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांना सापडला. भूमध्य समुद्राचा अनुभव समोर असल्यामुळे इथे वाद घालण्यात वेळ गेला नाही. शेवाळाच्या ठिगळांवर जाड प्लास्टिकची ताडपत्री अंथरून, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबून, आत क्लोरीन सोडण्यात आले. त्या ताडपत्रीखाली जे होते ते सगळे मेले, शेवाळही आणि इतर जीवही. नंतर वर्षानुवर्षे पाणबुडे तळ चाचपत राहिले, आणि २००६ मध्ये निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. खर्च सत्तर लाख डॉलरच्या वर गेला होता. बहुधा कोणीतरी बादलीभर पाणी ओतून टाकी रिकामी केली, एवढेच त्याचे कारण. २००१ मध्ये कॅलिफोर्नियात कॉलेर्पाच्या नऊ जाती बाळगण्यावर आणि विकण्यावर बंदी आली. तरी २०२१ मध्ये न्यूपोर्टच्या खाडीत दुसरी एक जात, कॉलेर्पा प्रोलिफेरा, सापडलीच.

ओंजळभर, तुम्ही ती पांढरी कॉलेर्पा कुठे टाकलीत?

ओंजळभर

स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नव्हे, पण बागेतल्या नाल्यात टाकली. पुण्यातून समुद्र लांब आहे असा माझा हिशेब होता.

कार्ल्सबादकर

पुण्यात ती नदीच्या गोड्या पाण्यात मरेल, त्यामुळे या वेळी काही बिघडलेले नाही. पण तुमच्याकडून कोणी मुंबईचा किंवा रत्नागिरीचा छंदी रोप घेऊन गेला तर त्याला सवय तुमचीच लागेल. काढलेले शेवाळ पिशवीत बांधून एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका, असे आम्हांला इथे सांगतात. कडक उन्हात खडखडीत वाळवलेले शेवाळ बागेत घालायचे असल्यास आधी मीठ धुऊन टाका.

चिकित्सक

एक अडचणीचा प्रश्न. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुळातच आहे. मग आपल्या समुद्रात ती टाकली तर परकी कशी?

हर्बेरियम

प्रश्न रास्त आहे. जात एक असली तरी वाण निराळा असू शकतो. भूमध्य समुद्रातला उपद्व्यापी वाण थंडी सोसणारा, आकाराने मोठा होता आणि प्रामुख्याने तुकड्यांनीच पसरत होता. त्याच नावाखाली उष्ण कटिबंधात नांदणारी कॉलेर्पा आपल्या जागी संयमाने राहते. टाकीत विकत मिळणाऱ्या तुकड्याचे मूळ गाव कोणते हे विकणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते. शिवाय तुकड्यासोबत त्याच्यावरचे सूक्ष्मजीव जातात. उल्वाच्या बाबतीत तर हे सहजीवन इतके घट्ट आहे की सोबतचे जीवाणू पूर्ण काढून टाकले तर तिचे पातळ पान घडतच नाही, पेशींचा सैल पुंजका तयार होतो. तिच्या नात्यातल्या एका हिरव्या शेवाळावर काम करणाऱ्या जपानी संशोधकांनी २००५ मध्ये जीवाणू तयार करतात ते आकार देणारे द्रव्य वेगळे काढले आणि त्याला थॅलुसिन असे नाव दिले. हिरव्या पानाचा आकार ठरवण्यात जीवाणूंचा हात असतो, हे मी वर्गात सांगत असे तेव्हा विद्यार्थ्यांना ती थाप वाटायची.

मीठपाणी

विषय निघालाच आहे तर दोन नको असलेल्या पाहुण्यांविषयीही लिहून ठेवतो, कारण लाइव्ह रॉकबरोबर (टाकीत ठेवायच्या, जीव असलेल्या समुद्री खडकाबरोबर) ते हमखास येतात.

पहिला व्हॅलोनिया, म्हणजे हिरवे काचमणी. प्रत्येक मणी ही एकच पेशी असते, आणि ती वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठीही होते. हा मणी टाकीत फोडू नये. दगड बाहेर काढून, बोथट चिमट्याने मणी बुडापासून सोडवून घ्यावा.

दुसरा ब्रायॉप्सिस, बारीक नेच्यासारखा. मूळ धरले की हाताने निघत नाही. त्यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध टाकीत घालण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे आणि ती बहुधा काम करते. परंतु ब्रायॉप्सिस, कॉलेर्पा आणि हॅलिमेडा एकाच गणातले नातेवाईक आहेत, तेव्हा ज्यांनी हॅलिमेडा हौसेने लावली आहे त्यांनी हे औषध घालण्याआधी दोनदा विचार करावा.

हर्बेरियम

मणी फोडू नये हे अगदी खरे. व्हॅलोनियाच्या गटातल्या शैवलांत जखम झालेल्या पेशीतला जीवरस आकसून लहान लहान गोळ्यांत विभागतो, प्रत्येक गोळा स्वतःभोवती नवी भिंत बांधतो, आणि एकाचे अनेक होतात. हे सर्वांत देखणे दिसते ते बोर्गेसेनिया नावाच्या त्याच्या भावंडात. हे नाव ज्या डॅनिश शैवलतज्ज्ञावरून पडले ते फ्रेडरिक बोर्गेसेन १९२० च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आले होते. द्वारका, ओखा आणि मुंबईच्या खडकांवरची शेवाळे त्यांनी गोळा केली आणि १९३५ मध्ये मुंबईच्या समुद्री शैवलांची यादी प्रसिद्ध केली. आजही मुंबईच्या किनाऱ्यावर काय होते आणि काय उरले याची तुलना करायची झाली तर त्या यादीपासूनच सुरुवात करावी लागते.

हॅलिमेडाचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयाच्या कडेने. निवडुंगाच्या पेरांसारखी चपट्या चकत्यांची ही माळ आपल्या अंगात चुना साठवते. नवी चकती रात्रीत फुटते तेव्हा ती पांढरी असते, आणि पहाटेकडे जुन्या चकत्यांतली हरितद्रव्याची कणके सरकत तिच्यात येतात, मग ती हिरवी होते. मेल्यावर चकत्या सुट्या होतात आणि त्यांची पांढरी रेती बनते. प्रवाळबेटांच्या अनेक लगूनांत पायाखाली जी रेती असते तिच्यात हॅलिमेडाचा वाटा मोठा असतो. टाकीत तिला वाढवायचे तर पाण्यातले कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या दरम्यान सांभाळावे लागते. ती पांढरी पडली तर लगेच घाबरू नये. फक्त टोकाची चकती पांढरी असेल तर ती वाढते आहे. सगळी माळ पांढरी होऊन कडांना हिरव्या बारीक मण्यांचे घोस आले तर मात्र तुमच्या कॉलेर्पासारखीच ती निघाली आहे असे समजावे.

चिकित्सक

मला यातून एक वेगळाच विचार सुचतो. आपल्याकडे खडक बांधणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तरी छंदाच्या गटांत लोक त्यांच्याच मागे धावतात. हॅलिमेडा, द्राक्षघोस कॉलेर्पा, उल्वा आणि काही लाल शैवले एवढ्यांचीच टाकी कोणी का सजवत नाही? ओकिनावात तर द्राक्षघोसाच्या जवळची कॉलेर्पा लेंटिलिफेरा 'समुद्रद्राक्षे' म्हणून ताटात वाढतात, आणि फिलिपाइन्सच्या मॅक्तान बेटावर तळ्यांत तिची शेती होते.

मीठपाणी

सजवतात, पण थोडे. अशा टाकीला माशांइतकेच खाद्य शेवाळासाठी लागते, म्हणजे नायट्रेट शून्यावर नेण्याऐवजी ५ ते १० वर राखावे लागते. आयुष्यभर नायट्रेट कमी करण्याच्या मागे लागलेल्या माणसाला मुद्दाम नायट्रेट घालायला सांगितले की तो तुमच्याकडे संशयाने बघतो. त्यात टँगसारखा शाकाहारी मासा ठेवला की बाग दोन दिवसांत साफ.

ओंजळभर

दहा आठवड्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मीठपाणी यांनी सांगितल्याप्रमाणे कप्पा पूर्ण रिकामा करून धुतला आणि ठाण्याहून मागवलेली मूठभर कीटो लावली. पहिले तीन आठवडे ती जराही वाढली नाही, फिकट मात्र पडत गेली, आणि मी दिवा बदलण्याच्या बेतात होते. तेव्हा सरांचा प्रतिसाद पुन्हा वाचला. फॉस्फेट मोजले तर टेस्ट किट काहीच दाखवत नव्हते. अपघातानंतरच्या घाबरटपणात मीच फॉस्फेट शोषणारे माध्यम दुप्पट घातले होते. ते काढून टाकल्यावर पंधरा दिवसांत कीटोचा रंग गडद झाला. आता दर रविवारी दोन मुठी काढते, फ्रीझरमध्ये ठेवते आणि सोमवारी कचऱ्यात देते. घरच्यांना बर्फाच्या कप्प्यातल्या हिरव्या पिशवीची सवय झाली आहे, पण सासूबाईंनी एकदा ती मेथी समजून बाहेर काढली होती. नायट्रेट २५ वरून ८ वर आले आहे, फॉस्फेट ०.०३ च्या आसपास आहे. कप्प्यातला दिवा रात्री दहा ते सकाळी सहा चालतो. पहाटेचा पीएच पूर्वी ७.८ पर्यंत उतरत असे, तो आता ८ च्या खाली जात नाही.

कोकणात जाणे पुढे ढकलले गेले होते, ते आता पंधरा दिवसांनी ठरले आहे. आणायचे काहीच नाही, पण ती डबक्यातली कॉलेर्पा तिच्या जागी एकदा बघायची आहे. कातळकाठ, कधी आणि कसे यावे ते सांगाल काय?

कातळकाठ

अमावस्या किंवा पौर्णिमेच्या एक-दोन दिवस पुढेमागे या, म्हणजे पाणी जास्तीत जास्त मागे जाते. त्या दिवसांत आमच्याकडे सुकती पहाटे आणि संध्याकाळी लागते. तुम्ही संध्याकाळची गाठा, आणि पाणी पूर्ण उतरण्याच्या तासभर आधी खडपावर पोहोचा, म्हणजे उतरत्या पाण्यामागोमाग खाली जाता येईल. भरती फिरली की बोलत न बसता वर यायचे. रबरी तळाचे जुने बूट घाला. काळ्या कातळावर पाय ठेवा, हिरव्यावर नको, उल्वावरून भलेभले घसरतात. डबक्यात हात घालण्याआधी पाणी थोडे स्थिर होऊ द्या, मग रेतीच्या खाचेत पिसे दिसतील. येण्याआधी व्यक्तिगत निरोप करा, मी येतो सोबत.